सुनंदाला सुट्टी पाहिजे होती

“ह्यांना उन्हात कोणी बसवलं? आधी ते सांगा मला! कोणी बसवलं?”

सुनंदाचा असा आवाज मी लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात ओरडण्याचं खातं माझ्याकडे. परतूरच्या मोंढ्यात मी वीस वर्षं हर्राशी पुकारली; कापूस, सोयाबीन, तूर, जे ढिगात येईल त्याचा लिलाव. मी भाव पुकारला की स्टेशनातली गाडी सिग्नल पडला समजून निघून जायची, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. पण त्या सकाळी जालन्यातल्या एका सेवाकेंद्राच्या अंगणात सुनंदा ओरडत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मी खुर्चीत होतो आणि खुर्ची उन्हात होती. अंगाला कोमट तिळाचं तेल, त्यावर कढत पाण्याची अंघोळ, त्यावर शाल, त्यावर दहाचं ऊन. आपल्याकडे कुणाचे पाय गेले की हे सगळं मायेनं करतात. केंद्रातल्या मावशींनीही मायेनंच केलं होतं. माझे पाय रिकाम्या पोत्यासारखे लोंबत होते. मांडीवर एक हात पडला होता, तो माझाच आहे की कुणी ठेवून गेलं, हे ठरवता येत नव्हतं. आणि समोर दोन-दोन सुनंदा उभ्या होत्या. मला एकीचाच धाक पुरतो.

“ताई, काका मजेत आहेत,” व्यवस्थापक म्हणाले. “आत्ताच आम्हाला हसवून राह्यले होते.”

“हसवत न्हाईत ते! जीभ वळत न्हाई त्यांची!”

तिनं माठातला तांब्या माझ्या डोक्यावर उपडा केला. पदर भिजवून मानेभोवती गुंडाळला. खुर्ची स्वतःच ओढत सावलीत नेली, आणि ओढता ओढता मधेच थांबून भिंतीला हात टेकला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग ती फाटकापाशी गेली आणि तिनं फोन लावला.

“डॉक्टरीणबाई, परवाचं ऑपरेशन राहू द्या. न्हाई, पैशाचं काही न्हाई. ह्यांना ठेवायला जागा न्हाई.”

माझे डोळे गेले होते, कान शाबूत होते. ते त्या दिवशी जायला पाहिजे होते.

*

उन्हाचं त्यांना मी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, चहा पिता पिता. “मावशी, मी मेणाचा आहे. मागच्या उन्हाळ्यात मेव्हणीकडे जाफराबादला निघालो, तर राजूरला चतुर्थीच्या गर्दीत जीप तासभर अडकली. मी सीटवरच वितळलो. सुनंदानं मला डब्यात भरून पुढं नेलं.” मावशी इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. त्यांनी दुसऱ्या मावशीला हाक मारून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मीही सांगितलं. या खेपेला डब्याची बादली केली.

आता मला सांगा, असं सांगणाऱ्या माणसाला कोण सावलीत बसवील?

खरी गोष्ट एवढीच, की त्या जीपमध्ये माझे दोन्ही पाय बंद पडले होते, लघवी कपड्यात झाली होती, आणि सुनंदा सगळ्या प्रवाशांकडे पाठ करून माझ्यासमोर आडोसा धरून उभी होती. हे चहाबरोबर सांगता येत नाही. म्हणून मी मेण सांगितलं.

*

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे एम. एस. म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला अजून लकवाच म्हणतात, आणि मीही वाद घालत नाही.

सुरुवात मोंढ्यातच झाली. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी पुकारता पुकारता उजव्या डोळ्यापुढं धूर आला. मला वाटलं, कुणी कापूस पेटवला. धूर आठ दिवस राहिला आणि गेला. चार महिन्यांनी पाय जड झाला, तोही बरा झाला. मग हात. येतंय, जातंय, येतंय, आणि दर वेळी जाताना थोडं सामान मागं सोडून जातंय. वर्षभर मालिश, लेप, शेक, इंजेक्शन, सगळं झालं. शेवटी औरंगाबादला त्या बोगद्यासारख्या यंत्रात डोकं घातलं, आणि डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून नाव सांगितलं.

त्यांनी सोपं करून सांगितलं ते मला बरोबर कळलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल खार कुरतडते ना, वरचं रबर? मोटार चांगली, लाईट चांगली, पण मधेच कुठंतरी करंट गळतो. कधी मोटार चालते, कधी नुसती गुरगुरते. केबल तापली की अजूनच बिघडते. माझ्या अंगात अशा खारी सुटल्यात.

“बरा होतो का?” सुनंदानं विचारलं.

“आटोक्यात ठेवता येतो,” डॉक्टर म्हणाले.

तिनं फक्त मान हलवली आणि नाव कागदावर लिहून मागितलं. मी मोंढ्यात जाऊन सांगितलं, की इथले आजार माझ्या आवाजाला घाबरतात, म्हणून हा खास बाहेरून मागवलाय. लोक हसले. बसस्टँडवर सुनंदानं तो कागद चार वेळा उघडून वाचला होता, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

*

नऊ वर्षांत सुनंदाचा दिवस कसा झाला ते सांगतो, आणि यात बिलकुल मीठमसाला नाही. पहाटे मला कुशीवर वळवायचं. पाय ताठरतात, ते हळूहळू सैल करायचे. थंड्या पाण्यानं अंग पुसायचं. लघवीची घाई सुटली की हातातलं काम टाकून धावायचं, कारण माझ्याकडे निरोप आणि पाऊस एकदमच येतात. दुपारी मी गळून पडतो. हात उचलायचा म्हटलं तरी गाडीभर पोती उतरवल्यासारखं होतं. पाहुणे त्याला आळस म्हणतात. ती पाहुण्यांना चहा देते आणि मला उचलते. मी सत्तर किलोचा. मी लोकांना नव्वद सांगतो, म्हणजे तिचं कौतुक होईल.

मागच्या वर्षी तिला रक्तस्राव सुरू झाला. तिनं सांगितलं नाही. पलंगावरून खुर्चीत घेताना ती एकदा मला तसंच धरून खाली बसली, आणि आम्ही दोघं फरशीवर. मी म्हणालो, “काय, कुस्ती हरलीस?” तिच्या साडीवर डाग होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पिशवी काढावी लागेल, आणि लांबवू नका. नंतर दीड महिना घागरसुद्धा उचलायची नाही.

“आणि ह्यांना?” सुनंदानं विचारलं.

आमची लेक प्रज्ञा पुण्याला, नुकतीच बाळंत झालेली. तिला बोलवायचं कसं? म्हणून मला थोडे दिवस कुठंतरी ठेवायचं ठरलं. चार दिवस नमुन्यादाखल राहून बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी सुनंदा बघायला आली. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

*

घरी आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती पहिल्यासारखी कामाला लागली. मला वळवताना तिचा श्वास माझ्या कानाशी येई, तो विहीर उपसणाऱ्या माणसासारखा लागे. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तो तिनं दुसऱ्या खोलीत घेतला. मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“काही न्हाई. लवकर या म्हणाल्या.”

“मंग जा ना.”

“तुम्हाला कुठं टाकू?”

‘टाकू’ म्हणाली. तिच्या मनात तसं नव्हतं, पण मला कळलं की आता हिच्या जिवाचं बरंवाईट माझ्या एका खाटेवर अडकलंय. मी घाबरलो. यंत्रात डोकं घातलं तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

मग मी पलंगावरून फोन सुरू केले. मोंढ्यातल्या ओळखीच्या सगळ्यांकडून नंबर मागवले. शंभरेक ठिकाणी बोललो. बरं, अकरा. सगळीकडे फोटो उत्तम, फरशी चकचकीत, टीव्ही मोठा. मी एकच प्रश्न विचारायचो: “मला अंघोळ कसल्या पाण्यानं घालाल?”

“कडक गरम, काका! सोलर बसवलंय! चोवीस तास गरम!”

दहा ठिकाणी हेच. एकानं वर वाफारा फुकट सांगितला.

अकराव्या फोनवर एक बाई होत्या. मालन सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर जालन्यात आपल्याच घरात चार खाटा टाकलेल्या. मी विचारलं, “अंघोळ कसल्या पाण्यानं घालाल?”

त्या म्हणाल्या, “तुम्हाला कसलं चालतं?”

मी फोन कानावरून काढून नंबर पुन्हा बघितला. तिकडून आवाज आला, “हॅलो? आहात का?”

*

सुनंदा यायला तयार नव्हती. मी जेवण सोडण्याची धमकी दिली, तिनं ताट उचललं. शेवटी म्हणालो, “तू फक्त चूक काढायला चल.” त्याला ती तयार झाली.

मी जयभीम घातला, सिस्टरांनी जयभीम घेतला, आणि खोल्या न दाखवता आम्हाला बसवलं. तिथं मी एक गोष्ट टिपली. पहिल्या केंद्रात माझ्यादेखत सुनंदाला विचारलं होतं, ‘काका चहा घेतात का?’ जणू पाय गेल्याबरोबर माझा चहाही गेला. सिस्टरांनी मला विचारलं. आणि माझं उत्तर येईपर्यंत, म्हणजे जीभ जुळवून घ्यायला लागतो तेवढा वेळ, त्या माझ्याकडे बघत थांबल्या.

मग म्हणाल्या, “संडासात जाऊन दाखवा.”

“आता?”

“वाटेत काय लागतं ते बघायचंय मला.”

मी वॉकर घेऊन निघालो. बारा पावलं, आठ मिनिटं. त्यांच्याकडचे रफिकभाई, मला उचलून खांद्यावर टाकतील असा माणूस, एक हात अंतर ठेवून बाजूनं चालत राहिले. हात लावला नाही. मी उंबऱ्यावर अडखळलो तेव्हा त्यांचा हात काखेत आला, आणि तोल सावरल्याबरोबर निघूनही गेला. “आराम से, चाचा. जल्दी कशाची?” सुनंदा हे बघत होती. तिनं चूक काढली नाही, पण उंबऱ्याकडे बोट केलं. सिस्टरांनी तिथं फळी लावायला सांगितली. आणि बेल खाटेच्या डाव्या अंगाला घ्यायला लावली, कारण माझा उजवा हात भरवशाचा नाही. पहिल्या केंद्रात बेल उजवीकडे होती. तिथं तीन दिवस मी बेलकडे बघत होतो आणि बेल माझ्याकडे.

मग सिस्टरांनी वही काढली आणि सुनंदाला विचारायला सुरुवात केली. दुपारी तीनला कसे असतात? ठसका कशानं लागतो? पाय ताठरले तर आधी कुठं धरता? दोन तास. नऊ वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ती आधी तुटक बोलत होती, मग इतकं बोलली की मलाच नवीन माहिती मिळाली.

शेवटी सिस्टर माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला उन्हाचं काय होतं?”

मी सवयीनं सुरू झालो. मेण, जीप, राजूर, बादली. सिस्टर पोट धरून हसल्या, रफिकभाईंनी भिंतीवर थाप मारली. हसणं संपल्यावर सिस्टरांनी डोळे पुसले आणि विचारलं, “आता ह्यातलं खरं किती, सांगा.”

उत्तर सुनंदानं दिलं.

“ह्यांचं मोठ्यानं असलं की काही नसतं, सिस्टर. खरं असलं की हळू बोलतात. इतकं हळू, की ऐकूच येत न्हाई.”

सिस्टरांनी ते लिहून घेतलं. पुढं मी राहायला आलो त्या दिवशी माझ्या खाटेच्या वर कागद चिकटवलेला होता. औषधं, पाणी, वळवायच्या वेळा, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत: ‘मोठ्यानं बोलले तर हसा. हळू बोलले तर पळा.’

त्या पहिल्या भेटीत निघताना आणखी एक ठरलं. मला काही झालं तर सुनंदाला कधी सांगायचं? सिस्टर म्हणाल्या, “जिवावरचं असलं तर त्याच मिनिटाला. बाकीचं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. लपवायचं न्हाई, आणि उगाच धावायलाही लावायचं न्हाई.” तिघांनी सह्या केल्या. माझी सही कोंबडी चालल्यासारखी आली. सुनंदानं वाटेत ऑपरेशनची तारीख घेतली.

*

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी ती जाफराबादला बहिणीकडे गेली, निजून राहायला. मी सिस्टरांकडे. शर्टाच्या गुंड्या मी स्वतः लावायचो. चाळीस मिनिटं लागायची, रफिकभाई शेजारी बसून लसूण सोलायचे. लावून दिल्या असत्या तर दोन मिनिटांत मोकळे झाले असते. आपलं काम वाचावं म्हणून मला डायपरचा लंगोटही बांधला नाही. तासातासाला लघवीचं विचारायचे, लाज न वाटू देता. मी मोंढ्यातले किस्से सांगून त्यांना इतकं हसवलं, की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं दुखणं पळालं आणि ते उठून शेतावर गेले. आजोबा अजून तिथंच आहेत, पण हसले होते एवढं खरं.

नवव्या दिवशी दुपारी लाईट गेली. कूलर बंद. अंग तापू लागलं, मला वाटलं खोलीच तापली. मग पाय गेले. उजवा हात गेला. डोळ्यापुढं तो जुना धूर आला, या वेळी दोन्ही डोळ्यांना. डावा हात बेलपर्यंत नेला, पण लाईटच नाही तर बेल कसली वाजणार?

ओरडावं म्हटलं. वीस वर्षं ज्या गळ्यानं मोंढा हलवला, त्यातून वारा आला नुसता. “रफिकभाई, मला दिसत न्हाई.” मलाच ऐकू आलं नाही.

ते पलीकडच्या खोलीत भाकरी खात होते. पळत आले. तोंडात घास तसाच. मागून सिस्टर. ओली चादर, काखेत बर्फाचं फडकं, थर्मामीटर. सिस्टर मोठ्यानं, सावकाश बोलत होत्या: “ताप आहे. लघवीचं इन्फेक्शन असणार. केबल तापलीय, तुटलेली न्हाई. ऐकू येतंय ना?” त्यांनी माझ्या डॉक्टरांना फोन लावला, लघवी तपासायला पाठवली, गोळी दिली. एक हात माझ्या मनगटावर होता, तो काढला नाही.

तासाभरानं धूर विरळ झाला. सिस्टर औषधाचं बघायला बाहेर गेल्या, आणि मी उशीखालचा फोन काढला. मला सुनंदा पाहिजे होती. बास. टाके, घागर, दीड महिना, सगळं विसरलो. लहान पोरासारखं ‘ये’ म्हणायचं होतं. तिकडून झोपेतला आवाज आला, “अहो, काय झालं?”

भरदुपारी झोपली होती. सुनंदा. भरदुपारी.

मी होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणला आणि पुकारलं, “काही न्हाई! इथं आत्ता मला पालखीतून फिरवून राह्यलेत! पुढं बँड आहे! तुला आवाज ऐकवावा म्हटलं!”

“बरं,” ती म्हणाली.

संध्याकाळी सिस्टरांनी ठरल्याप्रमाणे तिला सगळं सांगितलं. ताप किती होता, काय दिलं, आता किती आहे. मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं ती येणार म्हणून मी दाढी करून घेतली आणि खुर्ची दारापाशी नेऊन बसलो. सावलीत. दुपार झाली. ती आली नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू.

*

एकविसाव्या दिवशी ती आली. गालाला रंग आला होता. मला उचलायचं नाही म्हणून हात मागे बांधून उभी राहिली. पुढचा महिनाभर रफिकभाईंचा परतूरला राहणारा भाऊ रोज सकाळी आमच्या घरी यायचा होता, तेही सिस्टरांनीच ठरवून दिलं होतं. सुनंदानं माझी पाठ बघितली, टाचा बघितल्या, नखं बघितली. चूक सापडली नाही. मग बाजूला बसली.

अकरा दिवस दाबून ठेवलेलं मी विचारलं. “त्या दुपारी मी फोन केल्ता. पालखी म्हणालो. तुला खरं वाटलं?”

“न्हाई. आवाज फाटला होता.”

“म्हणजे तेव्हाच कळलं तुला?”

“कळलं.”

“आणि संध्याकाळी सिस्टरनीबी सांगितलं.”

“सांगितलं.”

“मंग आली का न्हाईस? काय केलंस मंग?”

तिनं माझ्या शर्टाची वरची, मला न जमलेली गुंडी लावली.

“झोपले परत.”